क्रूस, क्रूसमूर्ती आणि पाहणाऱ्याचे डोळे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दुसऱ्याचा धर्म समजून घ्यायचा असेल तर त्याच्या सणावारांपेक्षा त्याच्या घरातली भांडणं पाहावीत, असं माझं मत आहे. सणात सगळेच नटलेले असतात. माणूस काय सोडायला तयार नाही, ते भांडणात कळतं. म्हणून आज मी ख्रिस्ती धर्मातलं एक जुनं, अजून न मिटलेलं भांडण निवडलं आहे. क्रूसावर ख्रिस्ताची मूर्ती असावी की नसावी?

बोलण्याच्या सोयीसाठी दोन शब्द ठरवून घेऊ. नुसत्या उभ्या-आडव्या आकाराला मी क्रूस म्हणेन, आणि त्यावर ख्रिस्ताचं शरीर असेल तर क्रूसमूर्ती.

वसईतल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये गेलात तर वेदीपाशी क्रूसमूर्ती दिसेल. हात ताणलेले, मान एका बाजूला कललेली, बरगड्या मोजता येतील अशा. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर भागातल्या मिशनच्या परंपरेतल्या चर्चमध्ये गेलात तर बहुधा साधा लाकडी क्रूस दिसेल. असं का, म्हणून तिथं विचारलंत तर उत्तर तयार असतं. आमचा प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, तो आता क्रूसावर नाही, म्हणून क्रूस रिकामा.

उत्तर सुटसुटीत आहे आणि देणाऱ्याची श्रद्धाही खरी आहे. पण इतिहासाशी ते जुळत नाही. पहिली अडचण अशी की प्रॉटेस्टंट पंथाचा आरंभ ज्याच्यापासून धरतात त्या मार्टिन ल्यूथरचे अनुयायी आजही क्रूसमूर्ती ठेवतात. दुसरी अडचण कॅल्विन या दुसऱ्या प्रॉटेस्टंट सुधारकाच्या परंपरेची. त्या चर्चमधून फक्त मूर्ती गेली नाही, क्रूसही गेला. रिकामा क्रूस ही पुनरुत्थानाची खूण होती तर तो कशाला काढला? आणि तिसरी अडचण म्हणजे मूर्तीविना क्रूस कोरणाऱ्या चर्च पूर्वेकडे प्रॉटेस्टंट पंथाच्या कितीतरी शतकं आधीपासून होत्या. शिवाय क्रूसमूर्तीला कवटाळणारे कॅथलिकही ईस्टरलाच वर्षातला सर्वांत मोठा सण मानतात.

मग भांडण कशाचं? माझं म्हणणं असं की ख्रिस्त उठला की नाही, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. उपासनेत डोळ्यांना किती मोकळीक द्यायची, हा त्याचा गाभा आहे. माणूस प्रतिमेतून देवाकडे जातो, की प्रतिमेपाशीच मुक्काम ठोकतो? या एका प्रश्नाला निरनिराळ्या परंपरांनी जी उत्तरं दिली ती आज क्रमानं पाहू.

शरमेची खूण

क्रूस हे रोमन साम्राज्यातलं देहदंडाचं साधन होतं, आणि तेही सगळ्यांसाठी नव्हे. गुलाम, बंडखोर आणि ज्यांना कोणी वाली नाही अशांसाठी. रोमन नागरिक सहसा त्यातून सुटत. माणसाला विवस्त्र करून वर्दळीच्या रस्त्यालगत टांगायचं आणि मरायला वेळ लागू द्यायचा, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते पाहायला हवं. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचं बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलाम असे टांगले गेले. म्हणजे जन्मापासूनच क्रूस ही डोळ्यांसाठी केलेली गोष्ट होती. त्या काळी तिचा हेतू दहशत हा होता.

पहिल्या ख्रिस्ती लोकांना हे रोज दिसत होतं. त्यामुळे रोमच्या भुयारी दफनभूमीत त्यांनी मासा काढला, जहाजाचा नांगर काढला, खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ काढला. क्रूसावरचा ख्रिस्त मात्र काढला नाही. तो काढला दुसऱ्याच कोणीतरी. रोमच्या पॅलाटिन टेकडीवरच्या एका खोलीच्या गिलाव्यावर अणकुचीदार वस्तूनं ओरखडून काढलेलं एक चित्र १८५७ मध्ये सापडलं. ते साधारण इ.स. २०० च्या आसपासचं मानतात. क्रूसावर एक माणूस आहे, त्याला डोकं गाढवाचं आहे. खाली बाजूला दुसरा माणूस हात वर करून उभा आहे. मध्ये ग्रीक अक्षरांत वेडीवाकडी ओळ आहे, तिचा आशय असा की अलेक्सामेनोस आपल्या देवाला पुजतो. सोबत्याची टर उडवायला कोणीतरी केलेला हा उद्योग. क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांपैकी एक चित्र असं टवाळखोराच्या हातचं आहे.

चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती धर्माच्या बाजूला आला आणि क्रूसाची शिक्षाही बंद झाली. रस्त्यावरची प्रेतं दिसेनाशी झाल्यावर काही पिढ्यांनी कलावंतांचा हात क्रूसाकडे वळला. रोमच्या सांता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, साधारण ४३० मध्ये कोरलेली एक लहानशी चौकट आहे. दोन चोरांच्या मध्ये ख्रिस्त उभा आहे, त्यांच्यापेक्षा मोठा. हात पसरलेले आहेत, पण ते प्रार्थनेसाठी पसरल्यासारखे वाटतात. डोळे उघडे आहेत. मागचा क्रूस जवळजवळ दिसतच नाही. ५८६ च्या सिरियाक भाषेतल्या राब्बुला शुभवर्तमानांच्या हस्तलिखितात तर क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या अंगात राजाला शोभावा असा लांब झगा आहे. तो मरत असल्याचं लक्षणही त्यात नाही. मृत्यूवर त्याचा विजय झालेलाच आहे आणि आपण तो पाहतो आहोत.

हे लक्षात घ्यायला हवं, कारण पुनरुत्थान दाखवण्यासाठी क्रूस रिकामाच ठेवायला हवा असं नाही, हे इथं पाचव्या-सहाव्या शतकातच दिसतं. त्या कलावंतांनी क्रूसावरचा ख्रिस्तच जिवंत दाखवला.

डोळे मिटलेला ख्रिस्त

पश्चिम युरोपात दहाव्या शतकात ते डोळे मिटले. जर्मनीतल्या कोलोन कॅथीड्रलमध्ये गेरो नावाच्या आर्चबिशपच्या काळातली, सुमारे ९७० ची, ओकच्या लाकडाची क्रूसमूर्ती आहे. उंची जवळजवळ माणसाएवढी, १८७ सेंटिमीटर. डोकं पुढे छातीवर पडलं आहे, पोट सुटून खाली ओघळलं आहे आणि सगळं ओझं खांद्यांवर आलं आहे. लाकूड कोरणाऱ्यानं मेलेल्या शरीराचं वजन दाखवलं आहे. मूर्तीसमोर उभं राहिलं की आपल्याच खांद्यांत ओढ जाणवते.

तिथून पुढची काही शतकं दुःखभोगाची आहेत. असिसीचा फ्रान्सिस हा त्यातला मोठा टप्पा. गंमत अशी की सान दामियानोच्या पडक्या चर्चमधल्या ज्या क्रूसानं त्याला हाक दिली असं सांगतात, त्यावरचा ख्रिस्त जुन्या पद्धतीचा, उघड्या डोळ्यांचा आहे. तो आजही असिसीत पाहायला मिळतो. पण १२२४ मध्ये फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमा उमटल्याची कथा पसरली, आणि त्या वाटेनं गेलेल्या भक्तीनं क्रूसमूर्तीचं रूप पालटलं. पूर्वी दोन पायांना दोन असे एकूण चार खिळे असत. तेराव्या शतकात पश्चिमेत एका पायावर दुसरा पाय ठेवून दोन्हींना मिळून एकच खिळा मारलेला दिसू लागला. खिळा एकानं कमी झाला तशी गुडघ्यांना मुरड पडली, कंबर वळली, सगळं शरीर पिळवटलं. पूर्वेकडच्या चित्रकारांनी चार खिळे सोडले नाहीत. त्यांचा ख्रिस्त सरळ उभा राहिला.

या प्रवासाचं टोक म्हणजे माथियास ग्र्यूनेवाल्डनं १५१२ ते १५१६ या काळात रंगवलेलं इझेनहाइमचं वेदीचित्र. ते आता फ्रान्समध्ये कोल्मारच्या संग्रहालयात आहे. ज्या मठासाठी ते काढलं तिथले साधू एका विशिष्ट रोगाच्या माणसांची शुश्रूषा करत. राय धान्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे तो रोग होई. अंगाची आग होई, हातपाय काळे पडून सडत आणि शेवटी कापावे लागत. अशा रोग्यांना या चित्रापुढे आणत. चित्रातल्या ख्रिस्ताची कातडी हिरवट पडली आहे, अंगभर काट्यांच्या जखमा आहेत, खिळ्यांभोवती बोटं झाडाच्या वाळक्या फांद्यांसारखी ताठरली आहेत. आपल्याच अंगाची दशा वेदीवर पाहून त्या रोग्याला काय वाटलं असेल, हे आपण ठामपणे सांगू शकत नाही. पण चित्र ज्यांनी करवून घेतलं त्यांचा हेतू उघड आहे. देव तुझ्या दुखण्याच्या बाहेर उभा नाही, हे त्यांना डोळ्यांवाटे सांगायचं होतं.

कॅथलिक परंपरेनं हा धागा सोडला नाही. मिस्साविधीच्या आजच्या नियमांनुसारही वेदीवर किंवा वेदीजवळ ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस हवा, नुसता क्रूस चालत नाही. कारण मिस्सा हे कॅथलिकांच्या मते त्याच एका बलिदानाचं अर्पण आहे, आणि ते कशाचं अर्पण चाललं आहे हे डोळ्यांसमोर असलं पाहिजे. गुड फ्रायडेला लोक रांगेनं येऊन क्रूसाचं चुंबन घेतात. जपमाळेच्या टोकाला क्रूसमूर्ती असते, मरणाऱ्याच्या हातात ती देतात. पाहणं, हात लावणं, ओठ टेकवणं हे सगळं प्रार्थनेतच मोडतं. यावर टीका होऊ लागल्यावर १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं खुलासा केला की मूर्तीच्या अंगी काही दैवी शक्ती असते असं समजून तिला मान द्यायचा नाही. तो मान मूर्ती ज्याची, त्याला पोचतो.

पूर्वेची दोन उत्तरं

हा खुलासा ट्रेंटचा स्वतःचा नव्हता. त्याच्या जवळजवळ आठशे वर्षं आधी पूर्वेत तो रक्त सांडून मिळवलेला होता. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमांवर बंदी घातली, चर्चमधली चित्रं पुसली, साधूंचा छळ केला. विशेष म्हणजे प्रतिमा फोडणाऱ्या या सम्राटांना साध्या क्रूसाचं वावडं नव्हतं. चित्राच्या जागी ते क्रूसच काढत. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या परिषदेनं प्रतिमांची बाजू उचलून धरली, आणि पुन्हा एकदा उलटापालट होऊन ८४३ मध्ये हा वाद कायमचा संपला. दमास्कसच्या योहानाचा युक्तिवाद त्यात निर्णायक ठरला. देव अदृश्य होता तोवर त्याचं चित्र काढता येत नव्हतं. तो माणूस झाला, लोकांनी त्याला पाहिलं, मग त्याचं चित्र नाकारणं म्हणजे त्याचं माणूसपण नाकारणं. उपासना फक्त देवाची, प्रतिमेला वंदन, अशी रेघ तिथं आखली गेली.

ऑर्थोडॉक्स चर्च आजही त्या रेघेवर उभी आहे. मात्र तिची क्रूसमूर्ती बहुधा सपाट असते, कोरलेली नाही, रंगवलेली. डोळे इथंही मिटलेले असतात, पण शरीर पिळवटलेलं नसतं. डोक्यावरच्या पाटीवर रोमन अधिकाऱ्यानं लिहिलेल्या आरोपाऐवजी पुष्कळदा ‘गौरवाचा राजा’ अशी अक्षरं असतात. रशियन क्रूसाला तीन आडव्या पट्ट्या असतात, खालची पायांखालची, तिरकी. ग्रीक चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या विधीत धर्मगुरू क्रूसावरून ख्रिस्ताची आकृती उतरवतो आणि पांढऱ्या कापडात गुंडाळतो. एकाच क्रूसावर एकाच आठवड्यात शरीर असतंही आणि नसतंही. भरलेला की रिकामा, असा पक्ष निवडायची वेळच तिथं येत नाही.

पूर्वेचं दुसरं उत्तर आर्मेनियन आणि पर्शियन परंपरेचं. आर्मेनियात दगडी पाटीवर कोरलेल्या क्रूसाला खाचकार म्हणतात. क्रूसाच्या बुंध्यातून पानं, वेली, फळं फुटलेली असतात, भोवती जाळीदार नक्षी. २०१० मध्ये युनेस्कोनं ही कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. ख्रिस्ताची आकृती असलेले खाचकार आहेत, हाघपातच्या मठातला १२७३ चा प्रसिद्ध आहे, पण ते अपवाद. पर्शियातून पसरलेल्या पूर्वेच्या चर्चचा क्रूसही मूर्तीविना असे. चीनमध्ये शिआनला ७८१ चा शिलालेख आहे, त्याच्या माथ्यावर कमळावर उभा असा क्रूस कोरला आहे. चेन्नईजवळच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ मध्ये पोर्तुगीजांना पाया खोदताना दगडी क्रूस सापडला, त्यावर पहलवी लिपीतला लेख, वर कबुतर आणि खाली पाकळ्या. त्याच जातीचा पहलवी लेख असलेला एक क्रूस २००१ मध्ये गोव्यात आगशीला सापडला. मूर्ती कोणीतरी काढून टाकली म्हणून हे क्रूस रिकामे झालेले नाहीत. त्यांच्या दृष्टीनं क्रूस हेच जीवनाचं झाड आहे.

झुरिक आणि विटेनबर्ग

आता ज्या भांडणातून आजचे दोन पक्ष निघाले तिकडे वळू. सप्टेंबर १५२३ मध्ये झुरिक शहराच्या वेशीबाहेर श्टाडलहोफेनला रस्त्यालगत उभी असलेली मोठी क्रूसमूर्ती क्लाउस होटिंगर नावाच्या चांभारानं साथीदारांना घेऊन उखडली. त्याचं म्हणणं होतं की हे लाकूड विकून पैसे गरिबांना द्यावेत. देवाची खरी प्रतिमा म्हणजे भुकेला माणूस, आणि लाकडावर खर्च झालेला पैसा त्याच्या तोंडचा घास आहे, हा त्यावेळच्या सुधारकांचा आवडता मुद्दा होता. झुरिकच्या नगरसभेनं त्याला हद्दपार केलं. पुढे कॅथलिक प्रदेशात तो पकडला गेला आणि १५२४ मध्ये ल्युसर्नला त्याचा शिरच्छेद झाला. त्याच वर्षी झुरिकमधल्या चर्चमधून सगळ्या प्रतिमा हुकमानं, शिस्तीत, काढल्या गेल्या. ज्या शहरानं त्याला घालवलं त्यानंच त्याचं काम पुरं केलं.

या घटनेत पुनरुत्थानाचा मुद्दा कुठंही नाही. मुद्दा आहे मूर्तिपूजेचा आणि गरिबांचा. दहा आज्ञांची मोजणीही इथं कामाला आली. कोरीव मूर्ती करू नको, हे वाक्य कॅथलिक आणि ल्यूथरवादी पहिल्या आज्ञेतच धरतात. झुरिक आणि जिनिव्हाच्या परंपरेनं ती स्वतंत्र दुसरी आज्ञा मानली, साहजिकच तिचं वजन वाढलं. कॅल्विनचं निदान असं होतं की मूर्ती घडवत राहणं ही माणसाच्या मनाची खोडच आहे, तिला कारण पुरवू नये. देवानं बोलून स्वतःला प्रकट केलं, तेव्हा चर्चमध्ये कानाचा अधिकार. पांढऱ्या भिंती, मध्ये व्यासपीठ, त्यावर उघडं पवित्र शास्त्र. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये याच विचाराची लाट उठली आणि काही आठवड्यांत शेकडो चर्चमधल्या मूर्ती फुटल्या.

ल्यूथर मात्र या वाटेनं गेला नाही. १५२२ मध्ये विटेनबर्गमध्ये त्याच्या गैरहजेरीत मूर्तिभंजन सुरू झालं तेव्हा तो लपल्या जागेतून परतला आणि लागोपाठ आठ दिवस प्रवचनं देऊन त्यानं ते थांबवलं. त्याची भूमिका थोडक्यात अशी. ख्रिस्ताच्या मरणाची गोष्ट मी ऐकतो तेव्हा क्रूसावर टांगलेल्या माणसाचं चित्र माझ्या मनात आपोआप उभं राहतं. ते मनात असणं पाप नसेल तर डोळ्यांपुढे असणं पाप कसं? ऐकण्यातून पाहणं वेगळं काढताच येत नाही, हे त्यानं ओळखलं होतं.

ही भूमिका पाहायची असेल तर विटेनबर्गच्या शहरचर्चमधलं, क्रानाख यांच्या चित्रशाळेत तयार झालेलं १५४७ चं वेदीचित्र पाहावं. त्याच्या खालच्या पट्टीत उजवीकडे ल्यूथर व्यासपीठावर आहे. एक हात पुस्तकावर, दुसरा समोर रोखलेला. डावीकडे मंडळी बसली आहे, त्यात बायका-मुलं आहेत. आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या फरशीवर क्रूसावरचा ख्रिस्त. खोलीत वारा नसावा, तरी त्याच्या कमरेचं वस्त्र फडफडतं आहे. प्रवचन चालू असताना ऐकणाऱ्याच्या मनात जे उभं राहतं ते चित्रकारानं खोलीत उभं केलं आहे. कॅल्विनला हे चित्र चाललं नसतं, कॅथलिकाला कदाचित कोरडं वाटलं असतं. इथं क्रूसापुढे कोणी गुडघे टेकत नाही, मेणबत्ती लावत नाही. ती मूर्ती शब्दांची सोबत म्हणून आहे.

इंग्लंडनं दोन्ही गोष्टी केल्या. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकिर्दीत गावोगावच्या चर्चमधल्या मोठ्या क्रूसमूर्ती उतरवल्या गेल्या, पण राणीच्या खासगी चॅपलमध्ये एक राहिली आणि बिशप चरफडत राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात गॉथिक शैलीच्या पुनरुज्जीवनाबरोबर अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये क्रूस परत आला, पण कॅथलिकांपासून वेगळा दिसायला हवा म्हणून रिकामा. पुनरुत्थानाचं स्पष्टीकरण इथं फार सोयीचं ठरलं. मूर्तिपूजेच्या भीतीनं आधी जागा मोकळी केली होती. तिला नवा अर्थ मागाहून मिळाला. अर्थ मागाहून मिळाला म्हणून तो खोटा ठरत नाही, पण मूळ कारण म्हणून तो सांगू नये, इतकंच. 

आपला मुलूख

हे सगळे पक्ष आपल्याकडेही उतरले. पोर्तुगीजांबरोबर क्रूसमूर्ती आली. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्यात कोरलेल्या हस्तिदंती ख्रिस्तमूर्तींना युरोपात मागणी होती. त्यांचे काही नमुने जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात आहेत. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांनी अशा मूर्ती करू नयेत, असे हुकूम त्या काळी निघाले, यावरूनच त्या कोण करत होतं ते कळतं. आजही गोव्यात अनेक ठिकाणी गुड फ्रायडेला मूर्ती क्रूसावरून उतरवून मिरवणुकीनं नेतात. पण त्याच गोव्याच्या वाड्यावाड्यांत चुना दिलेले जे खुरीस, म्हणजे क्रूस, उभे आहेत, ते बहुतेक रिकामे आहेत. मुंबईत वांद्र्याला, माझगावला, गिरगावच्या खोताच्या वाडीत रस्त्यावरचे क्रूस पाहा. १८९६ च्या प्लेगनंतर त्यांतले काही उभे राहिले. तेही बहुधा रिकामेच, आणि तरी पक्के कॅथलिक. मूर्तीवरून पंथ ओळखायची आपली सवय या क्रूसांपाशी फसते.

दुसरी वाट अमेरिकन मराठी मिशनची. १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगरला आलेले हे मिशनरी कॅल्विनच्या घराण्यातले. हिंदूंच्या मूर्तिपूजेवर ते मराठीतून कडक टीका करत. अशा माणसांना स्वतःच्या चर्चमध्ये कोरीव ख्रिस्त ठेवणं परवडणारं नव्हतं. मराठी प्रॉटेस्टंटांचा रिकामा क्रूस झुरिकइतकाच या मराठी वादातूनही आला आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी या उपासनेत अभंग आणि कीर्तन आणलं. भिंत उघडीच राहिली, पण भक्तीला मराठी सूर मिळाला.

पंडिता रमाबाईंचं प्रकरण निराळं. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं ज्या भगिनींकडे त्यांचा बाप्तिस्मा झाला त्या अँग्लिकन असूनही कॅथलिक वळणाच्या होत्या. त्यांच्याशी रमाबाईंचे अनेक मुद्द्यांवर खटके उडाले, त्यातला एक गळ्यातल्या क्रूसाचा होता. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, माझ्या देशाची संस्कृत का नको, हे त्यांनी पत्रातून रोखठोक विचारलं. बाईंनी क्रूस नाकारला नाही. कोणाचा म्हणून तो गळ्यात घालायचा, हे त्यांना स्वतः ठरवायचं होतं.

नंतरच्या दोन घटना सांगून हा भाग आवरतो. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट आणि इतर एका छत्राखाली आले, आणि वेदीवर काय असावं याविषयीची त्यांची मतंही. दुसरीकडे केरळातल्या सायरो-मलबार चर्चमध्ये, म्हणजे कॅथलिकांमध्येच, वेदीवर क्रूसमूर्ती हवी की सेंट थॉमस माउंटसारखा रिकामा क्रूस, यावर गेली काही दशकं वाद पेटलेला आहे. रिकाम्या क्रूसाचे समर्थक तो आपला पोर्तुगीजपूर्व वारसा आहे असं सांगतात. याच चर्चचा एक धर्मप्रांत १९८८ पासून आपल्या कल्याणला आहे.

मूर्ती की अमूर्त हा वाद महाराष्ट्राला शिकवावा लागत नाही. १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाची उपासना मूर्तीविना होती, आणि तरी त्याचे सभासद वारकऱ्यांचे अभंग गात. पण एक फरक विसरू नये. विठोबाची मूर्ती असावी की नसावी हा देवाच्या रूपाचा वाद आहे. क्रूसमूर्तीचा वाद सरकारनं ठार मारलेल्या माणसाच्या देहाचा आहे. तो देह दाखवायचा की नाही, आणि दाखवला तर पाहणाऱ्यानं त्याच्याशी कसं वागायचं, हा जास्त अवघड प्रश्न आहे.

कोर्टातला क्रूस

गेल्या काही दशकांत हा प्रश्न चर्चमधून कोर्टात गेला. १९९५ मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयानं बव्हेरियातल्या सरकारी शाळांच्या वर्गांत क्रूस लावण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. क्रूस ही केवळ संस्कृतीची खूण नसून एका श्रद्धेची खूण आहे, असं कारण दिलं. इटलीतल्या सरकारी शाळांच्या वर्गांतल्या क्रूसमूर्तींवरचा खटला स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात गेला. २००९ मध्ये निकाल इटलीच्या विरुद्ध लागला. २०११ मध्ये मोठ्या पीठानं १५ विरुद्ध २ मतांनी तो फिरवला. इटलीच्या बाजूनं दहा देशांनी म्हणणं मांडलं होतं. त्यांत ग्रीस, रशिया, रुमानिया, बल्गेरिया, आर्मेनिया होते, माल्टा आणि लिथुआनिया होते. मुख्यतः प्रॉटेस्टंट परंपरेचा एकही देश त्यांत नव्हता. पाचशे वर्षांपूर्वीची फाळणी त्या यादीत स्वच्छ दिसते.

निकालपत्रात क्रूसमूर्ती वाचवण्यासाठी जे कारण दिलं गेलं, त्याकडे लक्ष वेधून मी थांबणार आहे. भिंतीवरची क्रूसमूर्ती मूलतः निष्क्रिय चिन्ह आहे, प्रवचनासारखा किंवा धार्मिक विधीतल्या सहभागासारखा तिचा परिणाम होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायद्याच्या दृष्टीनं ते पटेल किंवा न पटेल. पण आज आपण ज्या माणसांना भेटलो त्यांपैकी एकालाही ते मान्य झालं नसतं. इझेनहाइमच्या साधूंनी रोग्यांना वेदीपुढे आणलं, कारण ते चित्र काहीतरी करतं असा त्यांचा विश्वास होता. होटिंगरनं रस्त्यावरची क्रूसमूर्ती उखडली, कारण तोही तेच मानत होता आणि त्याला त्याची भीती वाटत होती. दमास्कसच्या योहानानं प्रतिमेची बाजू लढवली, कॅल्विननं भिंती पांढऱ्या केल्या, ल्यूथरनं दोघांच्या मधली वाट काढली. त्यांची उत्तरं एकमेकांना छेद देणारी आहेत, पण प्रतिमा माणसाला बदलते याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं. दुमत नव्हतं म्हणूनच भांडण इतकं कडाक्याचं झालं.

तेव्हा एखाद्या चर्चमध्ये क्रूस दिसला की तो भरलेला आहे की रिकामा, एवढंच पाहून निकाल देऊ नये. त्याच्यापुढे माणसं काय करतात ते पाहावं. ती ओठ टेकवतात, मान लववतात, की त्याच्याकडे पाठ करून पुस्तकातलं वाचन ऐकतात. कॅथलिकांना भीती आहे ती देवानं भोगलेल्या दुःखाचा विसर पडण्याची. कॅल्विनच्या वारसांची भीती वेगळी. देवाची जागा लाकूड घेईल, असं त्यांना वाटतं. दोन्ही भीती अनुभवातून आलेल्या आहेत आणि दोन्ही खऱ्या ठरल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. मला विचाराल तर धर्माच्या खुणांना खरा धोका या दोघांपैकी कोणाकडूनही नाही. तो आहे, भिंतीवर काय टांगलं आहे याचा आपल्यावर काहीच परिणाम होत नाही असं म्हणणाऱ्याकडून, मग तो त्या खुणेच्या बाजूनं बोलत असला तरी.